टाकी गार ठेवायची की यीस्ट बदलायचं?

यवतमाळ जिल्हा म्हटलं की डोळ्यांपुढे कापूस येतो. उसाचा पट्टा आहे तो दक्षिणेला, पैनगंगेच्या अंगाने: पुसद, उमरखेड, महागाव. पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यातला. देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचलं आणि २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे ओढलं गेलं. तेव्हापासून मळी, मका आणि आता कापसाची पराटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली झाडं, हीसुद्धा 'इंधनाचा कच्चा माल' म्हणून चर्चेत आहे. पण साखरेचा मद्यार्क करणारं यीस्ट ३०-३२ अंशांना रमतं आणि यवतमाळचा मे महिना ४५ पर्यंत जातो. मग जनुकं बदलून यीस्टलाच तापाला पक्कं करावं का?

पुढचा संवाद मामा-भाचीचा आहे. मामांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या डिस्टिलऱ्यांत केमिस्ट म्हणून हयात घालवली आणि निवृत्तीनंतर पुसदला घर केलं. भाची पुण्यात जैवतंत्रज्ञानात संशोधन करते. माणसं कल्पित आहेत, मुद्दे खरे आहेत.

मामा : तू यीस्ट बदलायला निघालीस. आधी हे सांग, आहे त्या यीस्टचं दुखणं काय?

भाची : ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय, मामा. एक किलो ग्लुकोजमधून कागदावर ५११ ग्रॅम मद्यार्क मिळतो, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. सोबत साधारण १३० किलोकॅलरी उष्णता निघते. म्हणजे बाहेर ऊन नसलं तरी टाकी स्वतःच तापते. आपलं नेहमीचं यीस्ट, सॅकरोमायसीज सेरेव्हिसी, ३३ पर्यंत खूश असतं. ३६-३७ ला कुरकुरतं आणि चाळिशीला जवळजवळ काम सोडतं.

मामा : चाळीसपर्यंत जायची गरजच नाही. टाकीत मद्यार्क आठ-नऊ टक्क्यांवर गेला की ३६ अंशही जीव घेतात. आम्ही दर शिफ्टला वॉशचा, म्हणजे टाकीत आंबणाऱ्या द्रावाचा, नमुना घेऊन त्यात मिथिलीन ब्लू घालायचो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. जिवंत पेशी रंग घेत नाही, मेलेली निळी होते. टाकी ३२ वर असली तर शंभरात मोजक्या निळ्या. एखाद्या रात्री पंप बंद पडला आणि काटा ३७ वर गेला की पहाटेच्या नमुन्यात निळं शेत दिसायचं. मग साखर तशीच शिल्लक, आणि ती गेली स्पेंट वॉशमध्ये, म्हणजे मद्यार्क काढून उरलेल्या सांडपाण्यात.

भाची : तेच तर! ताप आणि मद्यार्क दोघंही पेशीच्या त्याच एका पापुद्र्यावर घाव घालतात. तो पातळ होतो, गळू लागतो, आतलं राहत नाही आणि बाहेरचं आत शिरतं. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या येन्स नील्सन यांच्या गटाने यावर काम केलं. त्यांनी बाहेरून एकही जनुक घातलं नाही. यीस्ट चाळीस अंशांच्या जवळपास पिढ्यान्‌पिढ्या वाढवलं, जे तगलं ते पुढे नेलं आणि शेवटी त्याची जनुकं वाचली. पापुद्र्यातल्या स्टेरॉलचा प्रकारच बदललेला निघाला. नेहमीच्या अर्गोस्टेरॉलच्या जागी फेकोस्टेरॉल, आणि त्याला कारण ईआरजी-३ नावाच्या जनुकातला बिघाड. तोच बिघाड मूळ यीस्टमध्ये केला तर तेही तापात तगलं. हे २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलं.

मामा : आणि ३० अंशांवर ते सुधारलेलं यीस्ट कसं वागलं?

भाची : ...मूळ यीस्टपेक्षा हळू वाढलं. त्याच गटाने पुढच्याच वर्षी तेही प्रसिद्ध केलं.

मामा : बघ! पुसदला जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश असतात. तुझं यीस्ट मेमध्ये पहिलवान आणि जानेवारीत आजारी. डिस्टिलरी मळी साठवून वर्षातले तीनशेवर दिवस चालवायची असते.

भाची : टाकी जानेवारीतही स्वतःची उष्णता बाळगून असते, मामा. थंड पाणी सोडलं नाही तर ती चाळिशीकडे आपोआप जाते. तुमच्याकडे अडचण गार करण्याची आहे, गरम ठेवण्याची कधीच नव्हती.

मामा : हे मान्य. पण तुझं मूळ गृहीतच मला मान्य नाही. 'यवतमाळात ४५ अंश, म्हणून टाकी तापते' हे पुण्यात बसून वाटतं. घरातला कूलर आठव. मे महिन्यात दुपारी तो असा गारवा देतो की चादर घ्यावी लागते. तोच कूलर जुलैत नुसती दमट हवा फेकतो. डिस्टिलरीचा कूलिंग टॉवर हा तसाच कूलर आहे. पाणी उडवून गार करायचं, एवढंच त्याचं काम. हवा कोरडी तर तो जोरात. मेमध्ये बाहेर ४३ असोत, ओल्या फडक्याने गुंडाळलेला थर्मामीटर २४ च्या आसपास दाखवतो. टॉवरचं पाणी त्याच्यापेक्षा चार-पाच अंश वर, म्हणजे २८-२९. टाकी ३२ वर ठेवायला ते पुरतं. जुलैत बाहेर ३१ अंशच, पण ओला थर्मामीटर २७-२८ वर. मग टॉवरचं पाणी ३२-३३ आणि टाकीही ३२ ला हवी. गार कशाने करणार?

भाची : म्हणजे विदर्भातल्या डिस्टिलरीचा खरा उन्हाळा जुलैत?

मामा : आमच्या धंद्यात तरी तसंच. तेव्हा चिलर लावावा लागतो, नाहीतर टाकीत साखर कमी घेऊन हळू चालावं लागतं.

भाची : मग माझाच मुद्दा पक्का झाला. टाकी ४० वर चालली तर जुलैतलं ३३ अंशांचं पाणीही तिला गारच. चिलर नको, त्याची वीज नको. आणि मेचा गारवा फुकट मिळतो असं समजू नका, तो पाणी उडवून मिळतो. हिशेब करा. हजार लिटर मद्यार्काला सोळाशे-सतराशे किलो साखर आंबवावी लागते. त्यातून दोन लाखांवर किलोकॅलरी निघतात. एक लिटर पाणी उडायला ५८० किलोकॅलरी लागतात. म्हणजे हजार लिटरमागे साडेतीनशे ते चारशे लिटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. रोज साठ हजार लिटरची डिस्टिलरी धरली तर वीस-चोवीस हजार लिटर, म्हणजे दररोज दोन टँकर. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले, तेव्हा यवतमाळ शहर पाण्यासाठी कसं तडफडलं ते तुम्ही पाहिलंय.

मामा : हिशेब बरोबर, निष्कर्ष अर्धा. टाकी ४० वर ठेवली म्हणून साखरेतून निघणारी उष्णता कमी होते का? ती तेवढीच. टॉवरवर नेली की पाणी तेवढंच उडणार.

भाची : सगळी टॉवरवर न्यायची गरज राहत नाही. टाकी ४० ला आणि बाहेर १५ किंवा २५ असेल, तर रात्री आणि थंडीत नुसत्या हवेने गार करता येते. मोटारगाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी उडत नाही.

मामा : आणि मेच्या दुपारी? बाहेर ४३, टाकी ४०. तुझा रेडिएटर टाकीला उलट तापवेल. म्हणजे ज्या महिन्यात पाणी सगळ्यांत कमी, त्याच महिन्यात दिवसा तुझी बचत शून्य. शिवाय फर्मेंटर, म्हणजे आंबवायची टाकी, हे पाण्याचं मोठं गिऱ्हाईक नाहीच. मोठं गिऱ्हाईक आहे डिस्टिलेशन. तिथे मद्यार्काची वाफ पुन्हा पातळ करायला कंडेन्सरला जेवढं थंड करावं लागतं, त्यापुढे फर्मेंटरचं काम किरकोळ. पाणी वाचवायचं असेल तर आधी तिथली वाफ कमी कर.

भाची : ठीक. मळीच्या डिस्टिलरीत माझी बचत चिलरच्या विजेची आणि पावसाळ्यातल्या बुडालेल्या दिवसांची. पाण्याची थोडी.

मामा : त्यातून एक वजावट कर. ३० वरून ४० अंशांवर गेलं की मद्यार्काचा बाष्पदाब पावणेदोन पटींच्या घरात जातो. टाकीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडताना तेवढा जास्त मद्यार्क बरोबर नेतो. तो वायू पाण्याने धुऊन मद्यार्क परत मिळवणारा स्क्रबर चांगला नसेल तर चिलरचे वाचलेले पैसे हवेत गेले.

भाची : स्क्रबर ही पाइप आणि पाण्याची गोष्ट आहे, ती सुटते. मला तुमचा खरा आक्षेप ऐकायचाय.

मामा : खरा आक्षेप हा की तुझं यीस्ट काचेच्या बंद भांड्यात, निर्जंतुक साखरपाण्यात वाढलंय. आमची टाकी म्हणजे चव्हाटा. मळी निर्जंतुक करून घ्यायला कोणाला परवडत नाही. मळीबरोबर रानटी यीस्ट येतं, लॅक्टिक आम्लाचे जिवाणू येतात. आणि या जिवाणूंना ३७ ते ४५ अंश फार मानवतात. टाकी गरम केलीस की त्यांची दिवाळी. ते साखर खातात, आम्ल करतात आणि यीस्टची उपासमार होते. शिवाय मळीत क्षार, पोटॅश, जळकट साखर. उन्हाळ्यात साठवणीच्या टाकीतली मळी आतल्या आत तापते आणि फेसाळून वर येते. अशा मालाशी तुझ्या यीस्टची गाठ आहे.

भाची : पोटॅशचं नाव काढलंत म्हणून सांगते. त्याच २०१४ साली एमआयटीच्या गटाने दाखवलं की पोटॅशियम वाढवलं आणि आम्लता कमी केली तर यीस्ट जास्त मद्यार्क सोसतं.

मामा : मळीत ते आधीच इतकं आहे की आता स्पेंट वॉशच्या राखेतून पोटॅश काढून खत म्हणून विकतात. आम्हाला आणखी नको.

भाची : बरं. चव्हाट्याचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. ब्राझीलने तोच धडा घेतलाय. तिथे हंगामाच्या सुरुवातीला बेकरीचं यीस्ट टाकायचे आणि काही आठवड्यांत टाकीत भलतंच यीस्ट राज्य करायचं. तिथे तेच यीस्ट आम्लाने धुऊन हंगामभर पुन्हा पुन्हा वापरतात, त्यामुळे दुबळं यीस्ट मागे पडतं. तिथल्या संशोधकांनी मग उलट केलं. टाक्यांमध्ये जे टिकलं तेच उचललं, वाढवलं आणि पुढच्या हंगामात विकलं. पीई-२ आणि कॅट-१ ही तिथली गाजलेली वाणं डिस्टिलरीतच सापडली.

मामा : मग जनुकांची कात्री घेऊन बसण्यापेक्षा हे कर ना! गरम टाकीत जो तगला तो उचल.

भाची : उचलूच. पण नुसतं उचलून पराटीचं काम होणार नाही. मळी तुमच्याकडे पश्चिम महाराष्ट्रात आहे, मामा. यवतमाळात चार लाख हेक्टरांहून जास्त कापूस आहे. वेचणी संपली की पराटी उपटून बांधावर ढीग, थोडी चुलीला, बाकीची काडी ओढून जाळायची. त्या ढिगात गुलाबी बोंडअळी आरामात पुढच्या हंगामाची वाट बघते.

मामा : पराटीचे ब्रिकेट होतात. 'सिरकॉट' या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्डही करून दाखवलंय. मद्यार्कच काहून?

भाची : बोर्ड करा, ब्रिकेट करा, मी अडवत नाही. पण मद्यार्क करायचा म्हटलं तर यीस्टचा ताप हा तिथे मुख्य प्रश्न होतो. पराटीत साखर आहे सेल्युलोजच्या रूपात. आधी वाफ आणि आम्लाने ती फोडायची, मग सेल्युलेज नावाच्या विकराने त्याचं ग्लुकोज करायचं. हे विकर पन्नास अंशांना उत्तम चालतं. यीस्ट बत्तीसला. दोन वेगळ्या टाक्या केल्या तर पहिलीत ग्लुकोज साचतं आणि साचलेलं ग्लुकोजच विकराचं काम मंदावतं. दोन्ही एकाच टाकीत घातली तर यीस्ट ग्लुकोज तयार होताच खाऊन टाकतं आणि विकर मोकळं राहतं. पण मग तापमान कोणाचं ठेवायचं? आज तडजोड म्हणून ३५-३७ ठेवतात. विकर अर्धवट काम करतं आणि विकर हाच या धंद्यातला महागडा माल. यीस्ट ४२ ला तगलं तर तेवढंच विकर जास्त साखर सोडवेल.

मामा : हे मात्र पटलं. मळीला तुझं यीस्ट ही सोय आहे, पराटीला ती गरज आहे.

भाची : अगदी. तयार यीस्टही आहे एक, क्लुव्हेरोमायसीज मार्क्सियानस. ४५ ला बिनदिक्कत वाढतं. मद्यार्क मात्र सॅकरोमायसीजएवढा सोसत नाही. शिवाय पराटीच्या लाकडातली झायलोज साखर सॅकरोमायसीजला मुळातून खाताच येत नाही. ताप, मद्यार्क, झायलोज आणि वाफाळताना तयार होणारी फरफ्युरलसारखी विषं, हे सगळं एका पेशीत बसवायचं तर नुसती निवड पुरत नाही. जनुकांना हात लावावा लागतो.

मामा : मग पानिपतसारखं? तिथे भाताच्या पेंढ्यापासून इंडियन ऑइलने प्रकल्प काढला, आपल्या पुण्याच्या प्राजचं तंत्रज्ञान घेऊन.

भाची : हो, ऑगस्ट २०२२ ला लोकार्पण झालं. वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल असा तो आराखडा. म्हणजे टनाला दीडशे लिटर.

मामा : पेंढ्याच्या गाठी बांधता येतात. पराटी उपटायची, बारीक करायची, मारेगावहून नाहीतर आर्णीहून ट्रकमध्ये भरायची. ट्रक भरतो पण वजन भरत नाही. यीस्ट कितीही शूर असलं तरी डिझेलचं बिल ते भरणार नाही. आणि जनुकांना हात लावायचं म्हणतेस ते या जिल्ह्यात. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा अळीचा प्रश्न संपला असं सांगितलं होतं. पुढे गुलाबी अळीने ते पचवलं. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. लोक विचारतील, आता हे कोणतं नवीन?

भाची : विचारूच देत. उत्तर आहे. बीटीचं बी शेतात जातं, यीस्ट बंद टाकीत राहतं आणि त्यानंतर डिस्टिलेशनच्या उकळीतून जातं. तरी जनुकं बदललेल्या जिवांसाठीच्या १९८९ च्या नियमांनुसार त्याला परवानगी लागतेच आणि लागावीच. पण तुमच्या प्रश्नातला खरा धडा वेगळा आहे. एका जनुकावर सगळा डाव लावू नये. निसर्ग त्याला बगल देतो. ईआरजी-३ एकट्यानेही पुरणार नाही.

मामा : मग मी एक जागा सुचवतो. झरी जामणी, केळापूरकडे मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. फुलं उन्हात वाळतात, त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर. तिथे मडक्यात ती भिजवली की बाहेरून यीस्ट न टाकता आंबतात, तेही ऐन उन्हाळ्यात आणि कुठलाही कूलिंग टॉवर नसताना. त्या आंबवणात जे जगतं त्याने ताप पिढ्यान्‌पिढ्या पाहिलाय. विनापरवाना गाळलेल्या दारूला कायद्याने बंदी आहे. पण यीस्ट शोधायला बंदी नाही.

भाची : मामा, हा प्रकल्प मी लिहीन! तिथून वाण घ्यायचं, त्यात झायलोजची जनुकं बसवायची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे ते जपून ठेवता येईल.

मामा : लिही, पण आणखी एक ओळ घाल. २००२ च्या जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीवही येतात. तिथल्या कोलाम आदिवासींच्या मडक्यातलं यीस्ट पेटंट होऊन पुण्या-मुंबईला गेलं आणि त्यांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, काहीच आलं नाही, असं व्हायला नको. नागपूरला जैवविविधता मंडळ आहे. आधी ग्रामसभा, मग मंडळ, आणि लाभाचा वाटा किती तो कागदावर.

भाची : ती ओळ पहिल्या पानावर घालते.

दोघांत मिटलं ते इतकं. न मिटलेलंही बरंच आहे. पराटी गोळा करायचा खर्च कोण उचलणार, याचं उत्तर भाचीजवळ नाही. विजेवरचे चिलर वाढवत नेले तर भाव कसा परवडणार, याचं मामांकडे नाही.

आमचं मत असं. मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीने तापाला पक्क्या यीस्टची वाट बघत बसू नये. कूलिंग टॉवर, टाकीतली उष्णता काढून घेणारा प्लेट हीट एक्स्चेंजर आणि डिस्टिलेशनची वाफ यांत आज जी गळती आहे ती आजच थांबवता येते. पराटीपासून इथेनॉल करायचा विचार ज्यांना गंभीरपणे करायचा आहे, त्यांनी मात्र असं यीस्ट हा पहिला प्रश्न मानावा आणि त्याचा शोध विदर्भाच्याच गरम टाक्यांत आणि मोहाच्या आंबवणात सुरू करावा. जनुकं बदलायला हरकत नाही, पण ज्या वाणात बदलायची ते इथलं, तापलेलं आणि चव्हाट्यावर टिकलेलं असावं.

कारखान्यांच्या संचालकांना एक विनंती. उद्या कोणी '४२ अंशांना चालणारं यीस्ट' विकायला आलं, तर चकचकीत आलेख बघू नका. तीनच आकडे मागा: निर्जंतुक न केलेल्या मालात ते किती आठवडे टिकलं, जुलै महिन्यात टाकीत किती साखर शिल्लक राहिली, आणि चिलर व विकर मिळून लिटरमागे किती रुपये वाचले. हे तिन्ही आकडे लेखी मिळाले तरच पुढची बैठक ठेवा.